रॉकेलचा आळ

माझे वडील सांगलीतल्या एका डॉक्टरांची गाडी आठ वर्षं चालवत होते. त्याआधी सतरा वर्षं फौजेत, तिथंही ड्रायव्हरच. बर्फात, वाळूत, पूल असला तर पुलावरून आणि नसला तर पाण्यातून ट्रक नेऊन आलेला माणूस. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. बोलणं कमी, आणि बोलले तरी गावाकडचंच. फौजेनं त्यांना हिंदी शिकवली, पण मराठी होती तशीच ठेवली.

डॉक्टर बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आले होते आणि येताना तिकडची आपली गाडी घेऊन आले होते. पांढरी, जपानी, लांबलचक, आणि स्टीअरिंग डाव्या हाताला. त्या स्टीअरिंगपायीच आण्णांना नोकरी लागली. आधीचे दोन ड्रायव्हर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना गडबडायचे, कारण डावीकडून समोरचं काही दिसायचंच नाही. आण्णांनी फौजेत तसले जुने ट्रक चालवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी ती गाडी मिरजेच्या बाजारातून फिरवून आणली, कुठं घासली नाही की कुणाला हॉर्न दिला नाही. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं.

त्या गाडीत कार्बोरेटर नव्हता. इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं हे एक कॉम्प्युटर ठरवायचा. तेव्हा आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे थंड खोलीत ठेवायची वस्तू, चपला बाहेर काढून आत जायचं. आणि इथं तो चक्क गाडीत, उजव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांशी, कार्पेटमागं पत्र्याच्या एका डब्यात. डॉक्टर आल्यागेल्या पाहुण्यांना ते मुद्दाम सांगायचे. कुणी फारच कौतुक केलं तर वाकून डबाही दाखवायचे.

आम्ही मिरजेत रेल्वे लाइनीच्या पलीकडं दोन खोल्यांत राहायचो. आई एका इस्पितळात आया होती. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं. आमच्या बॅचला मुली तीन, त्यातल्या दोघींची परीक्षेआधीच लग्नं झाली. मला इस्पितळांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. मिरजेत इस्पितळांना तोटा नाही, त्यामुळं ईसीजीची मशिनं, सक्शनचे पंप, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या, असलं काहीतरी रोज टेबलावर उघडून पडलेलं असायचं. दुकानाचे मालक म्हातारे होते, त्यांना बारीक दिसायचं नाही. म्हणून सोल्डरिंगचं सगळं काम माझ्याकडं आलं, आणि मला ते आवडायचं.

डॉक्टरांच्या घराबद्दल आण्णांनी कधी तक्रार केली नाही. पगार वेळेवर, दिवाळीला कपडे, चहा दोन वेळा. चहा स्टीलच्या एका पेल्यात मिळायचा. तो पेला घरात जायचा नाही. पोर्चच्या कडेला पाण्याच्या टाकीवर पालथा असायचा आणि आण्णांनीच तो विसळून ठेवायचा. आमचं आडनाव ऐकल्यावर आम्ही कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. मी एकदा त्या पेल्यावरून बोलले, तर आण्णा म्हणाले की अख्खी गाडी माझ्या हातात दिलीय, तू पेल्याचं काय घेऊन बसलीस.

गाडी बिघडायला लागली ती शिवरात्रीनंतर, ऊन चढायला लागलं तेव्हा. सकाळी उत्तम चालायची. अर्ध्या तासानं थरथरायला लागायची, मागून काळा धूर यायचा, आणि मग बंद. दारं उघडून वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. पेट्रोल पूर्वीच्या दीडपट लागायला लागलं. आण्णा हे जेवताना सांगायचे, मला असं नाही, ताटाकडं बघत. एक दिवस म्हणाले की गाडी अंकलीच्या पुलापाशी बंद पडली तेव्हा त्यांनी सहज त्या डब्याला हात लावला तर तो चांगलाच गरम होता. म्हणून त्यांनी आपला टॉवेल ओला करून त्याच्यावर टाकला. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. पुढं आणखी दोनदा त्यांनी तेच करून पाहिलं, दोन्ही वेळा सुरू झाली.

"इंजिन न्हाई दमत," आण्णा म्हणाले. "त्यो डबा तापला की घात हुतोय."

मी म्हटलं, आत एखादा जोड सुटला असेल. एवढंच म्हटलं आणि भाकरी घेतली. मला माझ्या कामाची घमेंड होती, आणि गाड्या हे माझं काम नव्हतं. माझ्या वडिलांनी रोग पकडून माझ्या पुढ्यात ठेवला होता. मी म्हणायला हवं होतं की रविवारी मला दाखवा. ते मी म्हटलं नाही, आणि याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

आण्णांनी डब्याचं डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर हसले आणि फौजेत कॉम्प्युटरपण शिकवतात का म्हणून विचारलं.

मे महिन्यात साताऱ्याला लग्न होतं, डॉक्टरांच्या बायकोच्या भाच्याचं. बाईंचं माहेर साताऱ्याचं. आण्णांनी आदल्या दिवशी सांगून पाहिलं की एवढ्या उन्हात लांब नको, दुसरी गाडी बघावी. डॉक्टरांना ते पटलं नाही. साताऱ्याच्या लग्नात ही गाडी दारात उभी राहायला हवी होती. सकाळी निघायला उशीर झाला आणि कराड ओलांडायच्या आतच, मलकापूरजवळ, भर हायवेवर गाडी बंद पडली. आत मागं डॉक्टर आणि अहेराच्या पिशव्या, पुढं उजव्या सीटवर शालू नेसलेल्या बाई. आण्णांनी वॉटरबॅगेतलं पाणी टॉवेलावर ओतलं आणि बाईंच्या पायांशी वाकून डब्यावर ठेवायला गेले. बाईंनी पाय वर घेतले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. गाडी सुरू झाली, दहा किलोमीटर गेली, पुन्हा बंद पडली. असं चार वेळा झालं. शेवटी मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या गाडीत बाई बसून पुढं गेल्या आणि ही गाडी एका ट्रकला बांधून साताऱ्यात पोचली, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

पुढचं आण्णांनी एकदम कधीच सांगितलं नाही. वर्षभरात तुकड्यातुकड्यानं कळलं, काही आईला, काही मला.

हायवेलगत एक गॅरेज होतं. त्याचे मेस्त्री परदेशी गाड्यांचे जाणकार म्हणून साताऱ्यात नावाजलेले. डॉक्टर लग्नाच्या कपड्यांतच तिथं आले, बरोबर फेटे बांधलेले दोन मेहुणे. मेस्त्रींनी प्लग काढले, ते काजळीनं काळे पडलेले. टाकीतलं पेट्रोल तळहातावर घेऊन चोळलं, हुंगलं, आणि तेलकट लागतंय म्हणाले. रॉकेल आहे. मग एका मेहुण्यानं विचारलं, पेट्रोल दीडपट लागतंय ते जातंय कुठं? ड्रायव्हर लोक नळी लावून पेट्रोल काढतात आणि रॉकेल भरतात हे त्या काळात सगळ्यांनाच माहीत होतं. तसं करणारे होतेही. त्यामुळं पुढं कुणाला काही सिद्ध करायची गरज पडली नाही.

आण्णा म्हणाले, "साहेब, मी रॉकेल घातलं न्हाई. त्यो डबा तापला की गाडी बंद पडती. आता सुदा बघा तुमी."

डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटर चूक करत नाही. चूक माणूस करतो. चावी दे."

आण्णांनी चावी दिली. तिथून चालत स्टँडवर आले, सांगलीची एसटी धरली, आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचले. आईनं विचारलं लवकर कसे, तर म्हणाले सुटी झाली. तिला वाटलं लग्नाची सुटी.

गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. सांगली-मिरजेतले ड्रायव्हर एकमेकांना ओळखतात, आणि त्यांचे मालकही एकमेकांना ओळखतात. आण्णा तीन ठिकाणी विचारून आले. तिन्ही ठिकाणी, कळवतो म्हणाले. त्यानंतर त्यांनी जाणं सोडलं. सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. पुढं इस्त्री सोडली, मग दाढी. आई कामावरून येऊन त्यांच्यापुढं चहा ठेवायची आणि तिच्या तोंडून चुकून एखादा प्रश्न निघाला की चहा तसाच राहायचा. माझ्याशी ते नीट बोलायचे, पण ज्याची चूक झालीय अशा माणसासारखं. ते मला सहन व्हायचं नाही.

जूनच्या शेवटी जरा फरक पडला. डॉक्टरांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता, आणि गाडी त्याच्याही हातात बंद पडत होती. साताऱ्याच्या मेस्त्रींनी टाकी धुतली, पंप बदलला, प्लग बदलले, पेट्रोल उडवणाऱ्या तोट्या साफ केल्या, तरी बंद पडत होती. मिरज स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांपैकी कुणी ना कुणी येऊन आण्णांना सांगायचं. आवं, आज तुमची गाडी मार्केट यार्डापाशी उभी हुती. आवं, आज कृपामाई हॉस्पिटलाजवळ ढकलत हुते. आण्णा काही बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवायचे. पावसाळ्यात गाडी थोडी बरी चालायची आणि उघडीप पडली की पुन्हा अडायची. ऑगस्टमध्ये दुसराही ड्रायव्हर सोडून गेला, आणि आण्णा पुन्हा दाढी करून स्टेशनवर चहाला जायला लागले. हे मी बघत होते. का, ते मला कळलं नाही.

सप्टेंबरात आमच्या दुकानात निरोप आला की त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यातलं ईसीजीचं मशिन कागदावर नुसत्या रेघा मारतंय. मालकांनी मला पाठवलं. मी गेले. जायचं नाही असं म्हणता आलं असतं, पण मला जायचंच होतं. पोर्चमध्ये ती गाडी कापड झाकून उभी होती. मशिनची एक वायर आतून तुटली होती, ती मी अर्ध्या तासात डॉक्टरांच्या समोर बसून जोडली. त्यांना काम आवडलं. कुठली, कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती वायर ओढून पाहिली आणि म्हणाले, असं का, शिकवलं हां त्यानं तुला.

मी म्हटलं, गाडीचा कॉम्प्युटर मला बघू द्या. बिघडला नसेल तर बिघडलेला नाही असं सांगेन.

त्यांनी का परवानगी दिली ते आजही नक्की सांगता येत नाही. गाडी महिनाभर नुसती उभीच होती, आणि त्यांना गंमतही वाटली असावी. रविवारी सकाळी ये म्हणाले. घरी मी काही सांगितलं नाही. काम फत्ते करून सांगायचं, असं मनात होतं.

रविवारी मी मीटर आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन गेले. कार्पेट उचकटून डबा मोकळा केला. बाईंकडं केस वाळवायचं मशिन मागितलं आणि दवाखान्याच्या फ्रिजमधून लसींसोबत ठेवतात तसल्या बर्फाच्या दोन पिशव्या. डॉक्टरांना इंजिन सुरू करायला सांगितलं. इंजिन थंड होतं, बाहेर पावसाळी गार वारं होतं, गाडी झकास चालत होती. मग मी त्या डब्यावर गरम हवा सोडली. चार मिनिटं काही झालं नाही. पाचव्या मिनिटाला इंजिन थरथरलं, मागून काळा धूर आला, पेट्रोलचा वास सगळ्या पोर्चमध्ये पसरला आणि गाडी बंद पडली. बॉनेटला हात लावून बघा म्हटलं. बॉनेट कोमटसुद्धा नव्हतं. मग टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पिशव्या डब्यावर धरल्या. गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी मला ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी केस वाळवायचं मशिन स्वतःच्या हातात घेतलं, आणि बायकोला बाहेर बोलावून तिच्या देखत गाडी बंद पाडली आणि चालू केली. त्यांना आनंद झाला होता. मी त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी शोधत होते.

डबा उघडला तर कुजक्या मासळीसारखा वास आला. आमच्या दुकानात तो वास मला रोजचा होता. आत कपॅसिटर असतात, औषधाच्या गोळीएवढ्या छोट्या डब्या. दहा वर्षांच्या उष्णतेनं त्यातल्या तीन कपॅसिटरांच्या बुडातून पाणी सुटलं होतं आणि त्या पाण्यानं खालचा तांब्याचा पत्रा खाल्ला होता. तापलं की तिथला जोड सुटायचा. मग कॉम्प्युटरला इंजिन गोठलंय, त्याला जास्त पेट्रोल हवंय असं वाटायचं आणि तो पेट्रोल ओतत सुटायचा. म्हणून काळा धूर, म्हणून प्लगवर काजळी, म्हणून दीडपट पेट्रोल. हे सगळं मी डॉक्टरांना सावकाश, एकेक करून सांगितलं. ते मान डोलवत होते.

बाईंनी मला आत बोलावून डायनिंग टेबलापाशी बसवलं आणि फुलाफुलांच्या कपबशीत चहा दिला. खिडकीतून ती टाकी आणि तिच्यावरचा पालथा पेला दिसत होता. मी चहा प्यायले. नाही म्हणून उठून यावं, असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. डोक्यात सगळा तो डबाच होता.

तिन्ही कपॅसिटर बदलले, खाल्लेल्या जागी बारीक तार जोडली, आणि हे तात्पुरतं आहे, दुसरा डबा आणावाच लागेल असं सांगितलं. अठरा दिवस गाडी चालली आणि मग पुन्हा अडली. तांबं आतल्या थरापर्यंत खाल्लं गेलं होतं, तिथं माझ्या सोल्डरिंगचं टोक पोचणारं नव्हतं. डब्यावरचा नंबर मी कागदावर उतरवून दिला. शेवटचं अक्षरसुद्धा तेच हवं, नाहीतर आणू नका, असं बजावलं. डॉक्टरांचा एक जुना सहकारी अजून आखातात होता. त्यानं तिकडच्या भंगारातून तसलीच एक अपघात झालेली गाडी शोधली आणि तिचा डबा दिवाळीला येताना कपड्यांत गुंडाळून आणला. मी आधी तो उघडून वास घेतला. स्वच्छ होता. बॅटरीची तार काढली, जुना डबा काढला, नवा बसवला, तार लावली. सगळं मिळून वीस मिनिटं. सहा महिने एक माणूस ज्या गोष्टीसाठी चोर ठरला होता ती वीस मिनिटांची होती.

डॉक्टर म्हणाले, चल, साताऱ्याला जाऊन येऊ, म्हणजे खात्री होईल. डॉक्टरांनी नुकताच ठेवलेला तिसरा ड्रायव्हर गाडी चालवत होता, डॉक्टर त्याच्या शेजारी आणि मी मागं. ब्लोअर गरमवर ठेवून सगळी हवा पायांशी सोडली होती, तीही माझीच सूचना. कासेगाव, मलकापूर, उंब्रज, कुठं गाडी अडखळली नाही. डॉक्टरांनी ती सरळ त्या हायवेलगतच्या गॅरेजात घ्यायला लावली. त्यांना मेस्त्रींना दाखवायचं होतं.

मेस्त्री वयस्कर, बोलायला गोड माणूस. त्यांनी जुना डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, माझी तारीफ केली, आणि म्हणाले की आता कळलं, एवढ्या दिवसांच्या रॉकेलनंच त्याची वाट लागली. डॉक्टर म्हणाले, हो, तसंच असणार.

मी म्हटलं, "पेट्रोल ह्या डब्यातून जात नाही. ह्यात फक्त वीज जाते. रॉकेलनं हा बिघडूच शकत नाही. माझ्या वडिलांनी रॉकेल घातलेलं नव्हतं."

मेस्त्रींनी डबा खाली ठेवला आणि हात पुसत पलीकडच्या गाडीकडं गेले. ड्रायव्हर दुसरीकडं बघत होता. ज्या जागी आण्णांनी चावी दिली ती जागा हीच कुठंतरी असणार, असं मला वाटत होतं, आणि मी नुसती जमिनीवरचं ऑइल बघत उभी राहिले.

परत येताना कराडच्या पुढं आल्यावर डॉक्टर मागं न वळता म्हणाले, "तुझं बरोबरही असेल. झालं गेलं. मी मनात काही ठेवलेलं नाही. त्याला सांग, कामावर ये म्हणावं."

ते माझ्या वडिलांना माफ करत होते. हे मला लगेच कळलं नाही. त्या वेळी मला वाटलं मी जिंकले. मिरजेत उतरले ती जवळजवळ पळतच घरी गेले.

आण्णा दारातच बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्या रविवारपासून सगळं. तुमचंच बरोबर होतं, डबाच होता, सगळ्यांसमोर सांगितलं मी, आणि आता बोलावलंय. ते ऐकत राहिले. आई आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"गाडी चालती आता?" त्यांनी विचारलं.

"चालते. साताऱ्यापर्यंत जाऊन आलो."

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं हुतं? गाडी बंद पडत हुती तवर मी खरा हुतो. रोज कुणीतरी येऊन सांगत हुतं. आता काय म्हणतील लोक? जुना ड्रायव्हर गेला आन् गाडी सुदारली."

मी ज्याला पुरावा समजत होते तो डॉक्टरांच्या पोर्चमध्ये फक्त आम्हा तिघांना दिसला होता. आण्णांचा पुरावा सगळ्या सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर रोज बंद पडत होता, आणि तो मी माझ्या हातानं दुरुस्त केला. मला त्यांना सोडवायचं होतं, हे खरं. पण आपण किती हुशार आहोत हे त्या डॉक्टरांना दाखवायचंही होतं. आणि त्या पोर्चमध्ये यातलं नेमकं कुठलं जास्त होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

झालंही तसंच. टॅक्सीवाल्यांपैकी एकानं आठच दिवसांत हसत हसत ते वाक्य आण्णांच्या तोंडावर म्हटलं. वाईट मनानं म्हटलं नव्हतं. आण्णा त्या दिवसापासून स्टेशनवर गेले नाहीत.

डॉक्टरांकडंही ते परत गेले नाहीत. मी दोनदा सुचवलं की डॉक्टरांनी घरी येऊन बोलावं असं मी त्यांना सांगते, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुढच्या हंगामात तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडं ट्रॅक्टरवर त्यांना काम मिळालं. बागेतून द्राक्षं आणायची, शेडपाशी उतरवायची. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सकाळच्या गाडीनं जायचे, अंधार पडता पडता यायचे, कपड्यांना द्राक्षांचा चिकट वास असायचा. चार हंगाम केले. मोटारगाडीच्या स्टीअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

माझं मात्र बरं झालं. डॉक्टर जिथं तिथं माझं नाव सांगायला लागले. एकाचे तीन दवाखाने झाले, तिनाचे सात. आमच्या दुकानाचे मालक थकले तेव्हा ते दुकान मीच चालवायला घेतलं. आज माझं जे काही आहे त्यातलं बरंच त्या डॉक्टरांच्या शब्दावर उभं आहे. ते मी कधी नाकारलं नाही आणि आण्णा मला त्यावरून कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी डॉक्टरांनी दवाखान्याचा नवा मजला बांधला. उद्घाटनाला मलाही बोलावणं होतं. सरबताचे पेले फिरत होते. सांगलीतली बडी मंडळी जमली होती, आणि डॉक्टरांनी मला खांद्याला धरून मध्ये उभं केलं आणि गाडीची गोष्ट सांगितली. ही त्यांची आवडती गोष्ट झाली होती. मुंबईपर्यंत विचारलं, कुणाला कळेना, आणि ह्या एवढ्याशा मुलीनं बायकोचं केस वाळवायचं मशिन घेतलं. ते फार रंगवून सांगायचे. लोक हसले, दोघा-तिघांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. त्यांच्या गोष्टीत ड्रायव्हर नव्हताच. मलकापूर नव्हतं, सातारा नव्हता, ओला टॉवेल नव्हता. गाडी आपोआप बिघडली होती आणि मी ती नीट केली होती. ते संपवून माझ्याकडं बघायला लागले, आणि मी हसले. साताऱ्याच्या गॅरेजात मला जे बोलता आलं होतं ते तिथं आलं नाही. सात दवाखान्यांची माणसं त्या खोलीत उभी होती.

घरी आल्यावर आण्णांनी कार्यक्रम कसा झाला विचारलं. मी म्हटलं, चांगला झाला.

त्याच वर्षी त्यांच्या लायसन्सची मुदत संपत होती. मी ऑफिसातून फॉर्म आणला, सगळा भरला, फोटो चिकटवले, फक्त सही राहिली होती. तो त्यांच्या उशाशी ठेवला. आठवड्यानं पाहिलं तर तिथंच होता. मी पेन पुढं केलं, तर म्हणाले ठेव, करतो. आईनं दोनदा आठवण केली. मुदत संपली त्या दिवशी मी तो फॉर्म उचलून कपाटात ठेवला. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. कुठं जायचं असलं की बसनं जायचे, आणि ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी असली तरी शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे.